जुन्या पेंटियम एम लॅपटॉपसाठी कर्नल बांधताना: डिस्क, मेमरी आणि पॅरलल पोर्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या एका सरांकडे आयबीएमचा थिंकपॅड टी42 आहे. पेंटियम एम प्रोसेसर, 1 जीबी रॅम, जुन्या पद्धतीची आयडीई हार्ड डिस्क. या लॅपटॉपचा पॅरलल पोर्ट वापरून ते मुलांना एव्हीआर मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅम करायला शिकवतात. सध्या त्यावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली नीट चालते. पण डेबियन 13 मध्ये 32-बिट पीसीसाठी कर्नलही (प्रणालीचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही नाही, म्हणून त्यांनी 6.12 कर्नल स्वतः बांधायला घेतला. मेनूकॉन्फिग या कर्नलच्या मेनूतले हजारो पर्याय एका जुन्या मार्गदर्शिकेच्या आधारे निवडले, ग्रब या बूट मेनूमधली डेबियनची नोंद कॉपी करून त्यात फक्त कर्नलचं नाव बदललं, इनिटआरडीची (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइल सिस्टीमची) ओळ काढून टाकली. बूट केल्यावर 'अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)' या ओळीवर सगळं थांबलं. आता काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे त्यांनी विचारलं आहे.

सर, आधी या चुकीबद्दल, कारण तिच्यात जवळजवळ सगळं उत्तर आहे. कंसातले दोन आकडे म्हणजे कर्नल ज्या उपकरणावर रूट फाइल सिस्टीम (प्रणालीच्या फाइलींची मुख्य जागा) शोधतोय त्याचे क्रमांक. (8,1) आलं असतं तर पहिली डिस्क आणि तिचं पहिलं पार्टिशन कर्नलला सापडलं, पण तिथली फाइल सिस्टीम वाचता आली नाही, म्हणजे बहुधा एक्स्ट4 (तिथल्या फाइल सिस्टीमचा प्रकार) आत घ्यायचं राहिलं, असा अर्थ निघाला असता. (0,0) म्हणजे तुम्ही सांगितलेलं रूट त्याला ओळखताच आलं नाही. याची कारणं दोन असू शकतात आणि ती वेगळी कशी काढायची तेही पडद्यावरच लिहिलेलं असतं. त्या ओळीच्या थोडं वर कर्नल त्याला दिसलेल्या पार्टिशनांची यादी छापतो. मजकूर भराभर वर जातो, म्हणून मोबाईलने बूटचा व्हिडिओ काढा आणि मग सावकाश बघा.

यादीत एसडीए, एसडीए1 दिसत असेल तर डिस्कचा ड्रायव्हर ठीक आहे आणि दोष ग्रबच्या ओळीत आहे. डेबियनच्या नोंदीत 'रूट=यूयूआयडी=' असं असतं. फाइल सिस्टीमचा यूयूआयडी वाचून डिस्क शोधण्याचं काम इनिटआरडीमधल्या छोट्या प्रोग्रॅमचं असतं, कर्नलला स्वतःला ते येत नाही. तुम्ही इनिटआरडी काढली आणि यूयूआयडी तसाच ठेवला. कर्नलला स्वतःहून समजतो तो 'पार्टयूयूआयडी', म्हणजे पार्टिशन टेबलातला क्रमांक. जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर तो आठ अक्षरी सही, मग आडवी रेघ, मग पार्टिशनचा क्रमांक असा असतो आणि 'बीएलकेआयडी' ही आज्ञा तो दाखवते. नाहीतर सरळ '/डेव्ह/एसडीए1' लिहा.

यादी रिकामी असेल तर डिस्कपर्यंत पोचणारी साखळी तुटलेली आहे. तुमची मार्गदर्शिका जुनी असल्यामुळे मला याचीच शंका जास्त येते. जुन्या पुस्तकांत आयडीई डिस्कसाठी वेगळा विभाग असायचा आणि डिस्कचं नाव 'एचडीए' असायचं. तो सगळा विभाग 2021 मध्ये 5.14 पासून कर्नलमधून काढून टाकला. आता आयडीई डिस्कही लिबएटीए या ड्रायव्हरसंचामार्गे चालते आणि 'एसडीए' नावाने दिसते. तुमच्या लॅपटॉपवर इंटेलचा 855 चिपसेट आणि आयसीएच4-एम आहे, त्यामुळे 'डिव्हाइस ड्रायव्हर्स'मध्ये लिबएटीए, त्याच्या पोटात 'एटीए एसएफएफ', त्याच्या पोटात 'बीएमडीएमए' आणि शेवटी 'एटीए पीआयआयएक्स' लागतो. वरचा एक जरी बंद असला तरी खालचा पर्याय मेनूत दिसतही नाही, आणि माणूस समजतो की या कर्नलात तो नसेलच.

एवढं करूनही बरेच जण एका ठिकाणी अडकतात. 'स्कझी डिव्हाइस सपोर्ट'मधला 'स्कझी डिस्क सपोर्ट' चालू करायचा राहतो. आपल्याकडे स्कझी डिस्क नाही तर तो कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण लिबएटीए सगळ्या डिस्का स्कझी डिस्क म्हणूनच पुढे करतो. नियंत्रक सापडतो, डिस्कचा मॉडेल नंबरसुद्धा पडद्यावर येतो, आणि तरी एसडीए तयार होत नाही. हे लक्षण दिसलं की हाच पर्याय तपासा.

आता पद्धतीबद्दल. कोऱ्या मेनूपासून सुरुवात करू नका. तुमच्याकडे या यंत्रावर नीट चालणारा कर्नल आहे, आणि यंत्राला काय लागतं याची सगळ्यात विश्वासार्ह यादी त्याच्यापाशीच आहे. डेबियन 12 चालू असताना 'एलएसमॉड' (वापरात असलेली मॉड्यूलं, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे भाग), 'एलएसपीसीआय -के' (उपकरणं आणि त्यांचे ड्रायव्हर) आणि 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश) या तिन्हींचं आउटपुट फाइलींत साठवा. पण त्याआधी तुम्ही वर्षभरात जे काही वापरता ते सगळं एकदा जोडा आणि चालवा. एव्हीआर प्रोग्रॅमर लावून एक चिप लिहा, पेन ड्राइव्ह लावून त्यातली फाइल उघडा, सीडी घाला, आवाज वाजवा, वायफाय जोडा. ज्या क्षणी ती वस्तू वापरात असते त्याच क्षणी तिचं मॉड्यूल यादीत असतं. पेन ड्राइव्ह उघडला नाही तर फॅट फाइल सिस्टीमसोबत लागणारी अक्षरसंचाची छोटी मॉड्यूलं यादीत येत नाहीत, आणि नवीन कर्नलवर पेन ड्राइव्ह दिसतो पण माउंट होत नाही.

मग डेबियनच्या 686 कर्नलची '/बूट'मधली कॉन्फिग फाइल नवीन कर्नलच्या फोल्डरमध्ये '.कॉन्फिग' नावाने ठेवा आणि 'लोकलमॉडकॉन्फिग' चालवा. एलएसमॉडची फाइल कुठे आहे ते 'एलएसमॉड=' असं लिहून सांगता येतं. यादीत नसलेली सगळी मॉड्यूलं तो बंद करतो आणि उरलेल्यांना लागणारे वरचे पर्याय सांभाळतो. हजारोंच्या जागी शे-दीडशे मॉड्यूलं उरतात. शिवाय सिस्टमडीला (बूटनंतर सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) लागणारे सीग्रुप, डेव्हटीएमपीएफएस वगैरे पर्याय डेबियनच्या कॉन्फिगमधून आपोआप येतात. हाताने निवडायला बसलात तर त्यांतला एखादा सुटतो आणि बूट अर्ध्यात थांबतो.

यानंतर पाच गोष्टी मॉड्यूल न ठेवता कर्नलच्या आत घ्या: एटीए पीआयआयएक्स, स्कझी डिस्क, एमएसडॉस पार्टिशन, एक्स्ट4 आणि पडद्याचं साधं कन्सोल. एवढं आत असलं की इनिटआरडी नसतानाही यंत्र उठतं, आणि पुढे जे काही बिघडेल ते चालू यंत्रावर बसून दुरुस्त करता येतं.

बांधणी लॅपटॉपवर करू नका, त्याला तासन्‌तास लागतील. 64-बिट यंत्रावर डीबूटस्ट्रॅप या साधनाने डेबियन 12 चं आय386, म्हणजे 32-बिट, वातावरण एका फोल्डरमध्ये उभं करा आणि त्यात बांधा. तिथे दोन खड्डे आहेत. पहिला, त्या वातावरणातही 'यूनेम' (चालू कर्नलची ओळख सांगणारी आज्ञा) 64-बिटच सांगतं, म्हणून प्रत्येक मेक आज्ञेत 'आर्च=आय386' लिहाच. कोरी कॉन्फिग तयार करताना ते विसरलात तर 64-बिट कर्नल तयार होईल. दुसरा, डेबियनच्या कॉन्फिगमध्ये 'सिस्टीम ट्रस्टेड कीज'समोर डेबियनच्या स्वतःच्या प्रमाणपत्राच्या फाइलचं नाव असतं. ती फाइल तुमच्याकडे नसल्यामुळे बांधणी मध्येच तुटते. तो मजकूर पुसून रिकामा ठेवा. डीबग माहितीही बंद करा, नाहीतर एवढ्याशा कर्नलसाठी बांधणीचं फोल्डर अवाढव्य होतं. शेवटी 'बिनडेब-पीकेजी' केलंत की सरळ डेब पॅकेज मिळतं. ते लॅपटॉपवर बसवलं की इनिटआरडी आणि ग्रबची नोंद दोन्ही आपोआप होतात, हाताने काही कॉपी करावं लागत नाही.

आता मेमरी. या यंत्रावर सगळ्यात जास्त विचार इथेच करायला हवा. 32-बिट कर्नल 4 जीबी पत्त्यांची विभागणी करतो: 3 जीबी प्रोग्रॅमांना, 1 जीबी स्वतःला. त्या 1 जीबीतून काही भाग इतर कामांसाठी राखला की कर्नलला थेट हाताळता येणारी रॅम 896 एमबी उरते. तुमच्याकडे 1024 एमबी आहे. वरच्या 128 एमबीसाठी 'हायमेम' चालू करावा लागतो, आणि मग तेवढ्यासाठी कर्नलला पानं तात्पुरती जोडण्याचा आणि सोडण्याचा उपद्व्याप सतत करावा लागतो. हायमेम बंद केलात तर बूटच्या वेळी कर्नल स्पष्ट बजावतो की फक्त 896 एमबी वापरली जाईल.

यातून एक सुंदर वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. 'जनरल सेटअप'मध्ये 'एक्सपर्ट' चालू करा. मग 'प्रोसेसर टाइप अँड फीचर्स'मध्ये 'मेमरी स्प्लिट' हा एरवी लपलेला पर्याय दिसतो. त्यात 'फुल 1जी लो मेमरी' असं लिहिलेला पर्याय निवडा. प्रोग्रॅमांना 3 जीबीऐवजी 2.75 जीबी पत्ते उरतात. 1 जीबी रॅमच्या यंत्रावर त्याची काही अडचण होत नाही. कर्नलला मात्र सगळी रॅम थेट मिळते आणि हायमेम पूर्ण बंद करता येतो. पुढे रॅम वाढवून 2 जीबी केलीत तर 'फुल 2जी लो मेमरी' असाही पर्याय तिथेच आहे.

पण ही वाट धरण्याआधी पीएईचा (32-बिट प्रोसेसरला 4 जीबीहून जास्त रॅम हाताळू देणाऱ्या सोयीचा) प्रश्न सोडवायला हवा, कारण मेमरी विभागणीचा हा पर्याय पीएई बंद असेल तरच मिळतो. पेंटियम एमची गोष्ट चमत्कारिक आहे. 2003 च्या बॅनियस आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या डोथन प्रोसेसरांत पीएई प्रत्यक्षात चालतं, पण प्रोसेसर तसं जाहीर करत नाही. त्यामुळे पीएईचा कर्नल टाकला की 'पीएई नाही' म्हणून तो उठायलाच नकार देतो. 2014 मध्ये 3.15 कर्नलात 'फोर्सपीएई' हा बूट पर्याय आला तो यासाठीच. तो दिला की कर्नल पुढे जातो.

मग पीएई हवं की नको? 1 जीबी रॅमसाठी नको, हे बहुतेकांचं उत्तर. मीही पूर्वी तेवढंच सांगायचो. पण एक बाजू त्यात सुटते. पेंटियम एम हा सूचना पुढेमागे करून चालवणारा प्रोसेसर आहे, मेल्टडाउनचा दोष (प्रोग्रॅमला कर्नलची मेमरी वाचू देणारा) त्याच्यात आहे. 32-बिट कर्नलमध्ये मेल्टडाउनपासूनचं संरक्षण, म्हणजे कर्नलचे आणि प्रोग्रॅमचे पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचे नकाशे) वेगळे ठेवणं, 4.19 पासून आहे, पण ते फक्त पीएई चालू असतानाच. पीएईविना बांधलेल्या 32-बिट कर्नलात ते नाहीच. तुम्ही सध्या डेबियनचा साधा 686 कर्नल वापरत असाल तर आजही ते तुमच्याकडे नाही.

म्हणून निर्णय यंत्राच्या कामावर ठरवा. हा लॅपटॉप प्रयोगशाळेत फक्त चिपा लिहिणार असेल, त्यावर मुलं वेबसाइट उघडणार नसतील, तर पीएई बंद, हायमेम बंद, वर सांगितलेली विभागणी. यंत्र हलकं चालेल. त्यावर ब्राउझर चालणार असेल तर मात्र पीएई चालू करा, 6.12 मध्ये त्यासाठी हायमेमचा 64 जीबीचा पर्याय निवडा, ग्रबमध्ये फोर्सपीएई लिहा आणि त्याने येणारा संथपणा स्वीकारा. दुसऱ्या कोणाच्या यादीत 'पीएई=एन' आहे म्हणून तसं करू नका. तुमच्या प्रश्नावरून मला पहिली वाट योग्य वाटते, पण मग त्या लॅपटॉपवर कोणीही बँकेचं काम करायचं नाही, हे प्रयोगशाळेत स्पष्ट सांगून ठेवा.

प्रोसेसरच्या यादीत 'पेंटियम एम' निवडा. 'एसएमपी' (अनेक गाभ्यांचा आधार) बंद करा, प्रोसेसरला एकच गाभा आहे. लॅपटॉप अनेक असतील आणि काही त्याहून जुने असतील तर सगळ्यांत जुन्या प्रोसेसरप्रमाणे बांधा. पुढच्या पिढीसाठी बांधलेला कर्नल मागच्या प्रोसेसरवर टाकला तर तो पहिल्याच क्षणी थांबतो, निदान का थांबला ते सांगून.

पॅरलल पोर्टकडे येऊ, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे. यूएसबीवरून पॅरलल देणाऱ्या वायरी प्रिंटरसाठी असतात. एकेक पिन स्वतंत्रपणे वरखाली करणं त्यांना जमत नाही, म्हणून हा लॅपटॉप जपण्याचा तुमचा आग्रह मला शंभर टक्के पटतो. 'पॅरलल पोर्ट सपोर्ट' आणि त्याखालचा 'पीसी-स्टाइल हार्डवेअर' लागतो. त्याशिवाय 'कॅरेक्टर डिव्हाइसेस'मध्ये 'पीपीडेव्ह' लागतो. चिप लिहिणारा एव्हीआरड्यूड हा प्रोग्रॅम '/डेव्ह/पारपोर्ट0' उघडतो ते पीपीडेव्हमुळेच. प्रिंटरचं 'एलपी' मॉड्यूल नको असेल तर काढून टाका, ते कधीकधी पोर्ट धरून बसतं.

मुलांनी सीमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम थेट पोर्टच्या 378 (हेक्स) या पत्त्यावर लिहीत असतील तर आणखी एक पर्याय जपा: 'आयओपर्म अँड आयओपीएल एम्युलेशन'. तो मुळात चालूच असतो, पण कर्नल बारीक करण्याच्या भरात लोक तो जुनाट समजून बंद करतात. मग मॉड्यूलं ठीक, पोर्ट ठीक, एव्हीआरड्यूडही चालतो, फक्त मुलांचे प्रोग्रॅम परवानगी नाही म्हणून थांबतात. एका छोट्या कारखान्यातल्या मापनयंत्राच्या पीसीवर मी यात पूर्ण दुपार घालवली. केबल बदलली, कार्ड बदललं, बायोसमध्ये पोर्टच्या ईपीपी आणि ईसीपी या पद्धती उलटसुलट करून पाहिल्या. शेवटी जुन्या आणि नव्या कॉन्फिगमधला फरक काढला तेव्हा ती एक ओळ दिसली. कर्नलच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये 'डिफकॉन्फिग' नावाची छोटी स्क्रिप्ट आहे, ती हा फरक नेमका दाखवते. तेव्हापासून मी प्रत्येक बदलाआधीची कॉन्फिग गिटमध्ये ठेवतो, आणि एका वेळी एकाच विभागाला हात लावतो.

बाकी ड्रायव्हरांत नावांच्या सारखेपणामुळे गोंधळ होतो तेवढा सांगतो. या पिढीचा इंटेलचा गिगाबिट नेटवर्क 'ई1000' वर चालतो. 'ई1000ई' हा नंतरच्या पीसीआय एक्सप्रेस कार्डांचा. आवाजासाठी 'इंटेल8एक्स0', एचडी ऑडिओ नव्हे. चित्रासाठी 'रेडिऑन', आणि तो मॉड्यूलच ठेवा. त्याला डिस्कवरची फर्मवेअर फाइल लागते. तो कर्नलच्या आत घेतलात तर तो जागा होतो तेव्हा डिस्क अजून माउंट झालेली नसते, फर्मवेअर मिळत नाही आणि चित्र संथ किंवा बंद होतं. ती फाइल डेबियन 12 च्या 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या विभागात आहे. थिंकपॅडच्या पंख्यासाठी आणि खास बटणांसाठी 'थिंकपॅड एसीपीआय' जरूर घ्या. झेडरॅमही (डिस्कऐवजी रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) घ्या. 1 जीबीच्या यंत्राला त्याने खरोखर श्वास मिळतो, कारण इतक्या जुन्या डिस्कवर स्वॅप सुरू झाला की माउससुद्धा हलत नाही.

आवृत्तीची निवड तुम्ही बरोबर केली आहे. नोव्हेंबर 2024 चा 6.12 हा दीर्घकालीन देखभालीचा कर्नल आहे आणि डेबियन 12 च्याच कंपायलरने बांधता येतो. ताज्या कर्नलांमागे धावू नका. 6.15 मध्ये हायमेमचा 64 जीबीचा पर्याय काढला गेला, आणि मेमरीची ही सगळी व्यवस्था पुढेही आक्रसत जाणार. पण घाबरण्याचंही कारण नाही. 386 प्रोसेसरचा आधार 2013 च्या 3.8 मध्ये गेला, आणि 486 काढण्याचा प्रस्ताव कर्नलचे विकसक इंगो मोलनार यांनी 2025 मध्ये मांडला. पेंटियम एम त्या रांगेत बराच मागे आहे. त्याला सीएमओव्ही, टीएससी, एसएसई2 या नंतरच्या प्रोसेसरांतल्या सोयी सगळ्या येतात.

पहिले दोन-तीन महिने डेबियनचा मूळ कर्नल काढू नका, ग्रबचा मेनू 5 सेकंद दिसेल असा ठेवा आणि नव्या कर्नलला 'लोकल व्हर्जन'मध्ये स्वतःचं नाव द्या, म्हणजे यूनेमवरून कोणता चालू आहे ते कळेल. बसवल्यावर डीमेसेजमध्ये हायमेम आणि लोमेमच्या ओळी बघा. लोमेम 896 च्या वर गेलेला दिसला तर मेमरीची विभागणी लागू झाली आहे. ती दिसली नाही तर बहुधा पीएई किंवा एक्सपर्टपैकी एक पर्याय चुकला असेल. मग व्हिडिओतली पार्टिशनांची यादी, लोमेमची ती ओळ आणि डिफकॉन्फिगचं आउटपुट पाठवा, मी बघतो.